सागाच्या खांबाखालचा चहा

इंग्लंडमध्ये 'सॅरासन्स हेड' नावाचे बरेच जुने पब आहेत. सॅरासन म्हणजे मुसलमान. क्रुसेडच्या काळात युरोपने अरब, तुर्क, कुर्द सगळ्यांना मिळून हे एकच नाव दिलं होतं. तेव्हा पाटीचा अर्थ सरळ आहे: मुसलमानाचं मुंडकं. दारावर फेटेवाल्या, दाढीवाल्या माणसाचं रंगवलेलं डोकं टांगायचं आणि आत बसून बिअर प्यायची, अशी ही शेकडो वर्षांची रीत.

माझा भाचा नॉटिंगहॅमला शिकतो. तिथून जवळ साउथवेल म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या 'सॅरासन्स हेड'चा फोटो त्याने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मामू, आपलं डोकं बघ.' लाकडी सांगाड्याची पंधराव्या शतकातली इमारत, मधोमध घोडागाडी आत जाईल एवढं प्रवेशद्वार. मे १६४६ मध्ये यादवी युद्धात हरलेला राजा पहिला चार्ल्स वेश पालटून ऑक्सफर्डहून निघाला तो या सराईत येऊन थांबला आणि इथूनच स्कॉटिश सैन्याच्या स्वाधीन झाला. पुढे १६४९ मध्ये त्याचंच डोकं धडावेगळं केलं गेलं. पाटीवर मात्र मुसलमानाचं डोकं राहिलं.

भाचा पीत नाही, मीही पीत नाही. पण या फोटोनंतर मी काही महिने इंग्लंडच्या लाकडी पबांच्याच मागे लागलो. कारण पब हा शब्द 'पब्लिक हाउस'चा संक्षेप आहे, म्हणजे सगळ्यांचं घर. त्यांच्याकडे पूर्वी तीन वेगळे शब्द होते: बिअर मिळते ती एल-हाउस, वाइन मिळते ती टॅव्हर्न, आणि जिथे मुसाफिराला जेवण, अंथरूण आणि घोड्याला चारा मिळतो ती इन. आपल्याकडे सराई, भटियारखाना, धर्मशाळा, खानावळ असे शब्द होते. मग 'हॉटेल' आलं आणि त्याने सगळ्यांची सुट्टी केली. जगभर हॉटेल म्हणजे राहायची जागा. मुंबईच्या मराठी माणसाचं हॉटेल म्हणजे चहा प्यायची जागा. माझ्या आजोबांची सगळी मुंबई अशाच एका हॉटेलाभोवती फिरत होती, पण तिथे नंतर येतो.

जुन्या पबांना सनाचा भारी सोस. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कड्याला चिकटून 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' नावाचा पब आहे. त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ११८९ लिहिलंय. ११८७ मध्ये सलाहुद्दीन अय्युबीने जेरुसलेम घेतलं. दोन वर्षांनी रिचर्ड गादीवर आला आणि त्याने मोहिमेची तयारी केली. त्या मोहिमेवर निघालेले सैनिक म्हणे इथे पिऊन गेले. इमारत प्रत्यक्षात सतराव्या शतकातली आहे. सेंट अल्बन्सच्या 'ये ओल्ड फायटिंग कॉक्स'चा दावा तर इसवी सन ७९३ चा, म्हणजे बगदादवर हारून अल रशीदचं राज्य होतं तेव्हाचा. ही अष्टकोनी लाकडी इमारत मुळात मठाचा कबुतरखाना होती. १५३९ मध्ये मठ बंद पडल्यावर ती उचलून सध्याच्या जागी आणली. इंग्लंडमधला सर्वांत जुना पब हा किताब गिनेस बुकाने सन २००० मध्ये बंदच करून टाकला. पाट्या मात्र जागच्या जागी आहेत. आपल्याकडेही गल्लीतल्या प्रत्येक दर्ग्याला 'सातशे वर्षांपूर्वीचा' म्हणायची हौस असतेच, तेव्हा हसण्यात अर्थ नाही.

मला त्या वाक्यात एक शब्द अडला. इमारत 'उचलून' कशी आणतात?

त्याचं उत्तर लाकडी सांगाड्यात आहे. मध्ययुगीन इंग्लिश सुतार ओकचं झाड तोडल्यावर ते वाळू देत बसत नसे. ओलं लाकूड कापायला सोपं. घराचा एकेक सांगाडा तो आपल्या अंगणात जमिनीवर आडवा मांडून जुळवायचा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि दोन्ही मिळून आरपार लाकडी खुंटी. लोखंडी खिळा जवळजवळ नाहीच. प्रत्येक सांध्यावर तो छिन्नीने खुणेचे आकडे कोरायचा, एक उभी रेघ, दोन रेघा, फुली. मग सगळं सोडवून, बैलगाडीत घालून, जागेवर नेऊन आकड्याला आकडा लावून उभं करायचं. मधल्या मोकळ्या चौकटींत काटक्यांचं विणकाम आणि त्यावर माती, शेण, गवत यांचा गिलावा. घराचा भार भिंतीवर नसतोच, तो सगळा सांगाड्यावर. पुढे ओलं लाकूड घरातच वाळतं, पिळवटतं, म्हणून ही घरं अशी वाकडीतिकडी, खांद्यावर खांदा टाकून उभ्या म्हाताऱ्यांसारखी दिसतात.

यातून दोन गोष्टी होतात. एक म्हणजे घर सोडवता येतं, हलवता येतं. दुसरी जास्त महत्त्वाची: सडलेला एक खांब काढून दुसरा घालता येतो. पाचशे वर्षांच्या पबातलं सगळं लाकूड पाचशे वर्षांचं नसतं. अमुक तुळई ट्युडर काळातली, तमुक जिना जॉर्जियन, हा खांब मागच्या पिढीतला. घराचं वय म्हणजे त्याच्यावर किती जणांनी वेळेवर हात फिरवला त्याचा हिशेब.

पाटीचा सन खोटा असला तरी लाकूड खोटं बोलत नाही. झाडाच्या खोडात दर वर्षाची एक कडी असते, चांगल्या पावसाची जाड, दुष्काळाची बारीक. त्या बारीक-जाड कड्यांचा क्रम जुळवून झाड कोणत्या साली तोडलं ते सांगता येतं. ओक ओलाच वापरायची रीत असल्यामुळे झाड तोडल्याचं साल जवळपास घर बांधल्याचंही साल. इंग्लंडमधल्या कितीतरी घरांच्या दंतकथा या तपासणीने मोडीत काढल्या, आणि काही साध्यासुध्या दिसणाऱ्या घरांची वयं दोनशे वर्षांनी वाढवली.

मी राहतो जुईनगरला. इथे सगळं सिमेंटचं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, तेव्हा लाकडाच्या घरांचा जमाना संपला होता. आमच्या इमारतीला तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हापासून पुनर्विकासाच्या बैठका सुरू आहेत. खाडीची खारी हवा आतल्या लोखंडी सळ्यांना गंजवते, गंज फुगतो, फुगला की सिमेंट सुटतं. स्लॅबचा पोपडा पडला की सेक्रेटरी वर बघतात आणि म्हणतात, आता रिपेअरला अर्थ नाही. वाशीतल्या सिडकोच्या इमारतींचं हे दुखणं तर सगळ्या नवी मुंबईला पाठ आहे. पाचशे वर्षांचा ओक आणि तीस वर्षांचं काँक्रीट यांची तुलना मनात आली ती अशाच एका बैठकीत.

जुईनगरहून सीएसएमटीची हार्बर गाडी पकडली की वाशीचा पूल ओलांडून, कुर्ला, वडाळा करत गाडी रे रोडला येते. इथे लाकडाच्या वखारी. पुढे डॉकयार्ड रोड, मग रूळ उंचावरून जातात आणि सँडहर्स्ट रोडच्या आगेमागे गाडीच्या खिडकीसमोर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या येतात. लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, त्यावर वाळत घातलेले कपडे, आणि खालून लावलेले टेकू. इंग्लंडच्या पबांचे भाऊबंद कुठे असतील तर ते इथे.

महाराष्ट्रातल्या जुन्या सराया दगडाच्या. औरंगाबादच्या पाणचक्कीजवळ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती परंपरा आजही पाहता येते. पण घर मात्र आपल्याकडेही लाकडाच्या सांगाड्याचंच. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, वर कडीपाट, आणि मधल्या जागेत विटा-मातीची भिंत. मोजमापही खांबांवरूनच. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर पाच खणी की सात खणी यावर मालकाची ऐपत कळायची. इंग्लंडमध्येही जुन्या घरांची मोजणी अशा खणांतच करतात. दोन्हीकडचे सुतार एकमेकांना कधी भेटले नाहीत, लाकडाने मात्र दोघांना एकच हिशेब शिकवला.

मुंबईने हीच वाड्याची पद्धत उचलली आणि तीन-चार मजले वर नेली. एकोणिसाव्या शतकात गिरणी आणि गोदी यांसाठी माणसं लोटली, तशा सागाच्या सांगाड्याच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. वर खोल्या, खाली दुकानं, आणि कोपऱ्यावर हॉटेल.

हा साग कुठून आला? आधी मलबारहून. मुंबईच्या गोदीत वाडियांनी त्याच सागाची जहाजं बांधली. १८१७ मध्ये इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय. इंग्लंडमधल्या प्रत्येक जुन्या पबात 'हे वासे जुन्या जहाजाचे' असं सांगतात, बहुतेक वेळा ती थाप असते. लंडनचं लिबर्टी हे दुकान त्याला अपवाद. मध्ययुगीन दिसणारी ती इमारत १९२४ ची आहे, पण तिचं लाकूड खरोखर दोन युद्धनौका मोडून काढलं, आणि त्यातल्या एकीचं नाव होतं 'हिंदुस्तान'.

नंतर साग आला ब्रह्मदेशातून. तिथे उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि लाकडाचा पट्टा कापून झाड जागीच मारतात आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळू देतात, कारण ओला साग पाण्यात बुडतो. वाळला की हत्ती तो ओढत ओढ्यात आणतात आणि पावसाळ्याच्या पुरात तो इरावतीतून खाली वाहत जातो. हा धंदा करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीवर ठपका ठेवला की, जेवढे ओंडके नेले तेवढ्याचे पैसे भरले नाहीत. सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्याच वर्षी त्यांनी मंडाले घेतलं आणि राजाला उचलून आणून ठेवलं कुठे, तर रत्नागिरीला. तिथला थिबा पॅलेस १९१० चा. राजा तिथेच १९१६ मध्ये वारला.

माझे आजोबा रत्नागिरीच्या खाडीकाठचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या लहानपणी थिबाची गोष्ट गावात जिवंत होती. ते मुंबईला गोदीत कामाला आले आणि डोंगरीजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गावच्या जमातीच्या खोलीत राहिले. कोकणातल्या पुष्कळ मुस्लिम गावांनी मुंबईत अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे धोबीतलावला 'कूड' होते, तसंच हे. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक चटई. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा. ज्या सागापायी राजाचं राज्य गेलं आणि तो आमच्या गावाशेजारी कैदेत मेला, त्या सागाच्या खांबाला पाठ टेकून दादा तीस वर्षं झोपले. हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. ठाऊक असतं तरी गोदीच्या पाळीत काय फरक पडला असता?

खोलीत वीस माणसं, मग बसायचं कुठे? खाली हॉटेलात. मालक यझ्दहून आलेल्या इराणी शियांपैकी. इराणी म्हटलं की लोकांना फक्त पारशी धर्माचे इराणी आठवतात, पण या धंद्यात इराणी मुसलमानही होते. पुण्याचं कॅफे गुडलक अशाच एका कुटुंबाने १९३५ मध्ये सुरू केलं. डोंगरीची निळ्या कौलांची मुघल मशीद, जिला लोक इराणी मशीद म्हणतात, ती १८६० पासून याच समाजाची. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अपशकुनी मानायचे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. खरं-खोटं कसंही असो, कोपऱ्याला दोन बाजूंनी दारं, दोन बाजूंनी वारा.

दादांचा हॉटेलातला पत्ता पक्का होता. गावाहून येणारी पत्रं गल्ल्यावर यायची. मनीऑर्डरचा फॉर्म तिथेच कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. कोण कोणत्या बोटीवर चढला, कोणाची बायको बाळंत झाली, कोण गोदीत जखमी झाला, हे सगळं ब्रून-मस्का आणि पानी कम चहाबरोबर कळायचं. एक चहा घेऊन दोन तास बसलं तरी शेठ वर बघायचा नाही. अब्बा सांगायचे की मधल्या खांबाला माणसांच्या पाठी घासून घासून कमरेच्या उंचीवर काचेसारखी चकाकी आली होती. मी लहानपणी तो खांब पाहिलाय. गार लागायचा.

तिथे कोण बसायचं? गोदीतले आगरी, घाटावरचे माथाडी, पठाण, मद्रासी, आमचे कोकणी. त्या काळच्या रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी व्यवस्था असायची. शेरशाहने सराया बांधल्या तेव्हाही हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांची सोय वेगवेगळी ठेवली होती. मुसलमानी हॉटेलात पाऊल न टाकणारे हिंदू होते आणि कुणाच्या घरचं पाणी न पिणारे सगळ्याच धर्मांत होते. इराण्याचं हॉटेल या भानगडीतून बऱ्यापैकी सुटलं होतं. इराणी परका, त्याला आपल्या जातीच्या उतरंडीत नेमकं कुठे बसवायचं ते कुणाला कळेना, म्हणून त्याच्या टेबलावर सगळे बसले. मला यात कुणाचं मोठं औदार्य दिसत नाही. माणसं दमली होती आणि चहा स्वस्त होता. सुधारणा पुष्कळदा अशीच येते. बायका मात्र तिथे एकट्या बसत नसत. घरच्या मंडळींबरोबर आल्या तर पडद्याआडची फॅमिली रूम.

लंडनमध्येही मुसलमान नुसता पाटीवर नव्हता. तिथलं पहिलं कॉफी हाउस १६५२ मध्ये निघालं. ही काळी चीज तुर्कांच्या मुलखातून आली म्हणून पुढे कॉफीच्या दुकानांनी 'टर्क्स हेड'च्या पाट्या लावल्या. इथे तुर्काचं डोकं धंद्याची खूण झालं. १८१० मध्ये पाटण्याकडच्या शेख दीन मुहंमद यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी पदार्थ आणि हुक्का देणारं 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. दोन वर्षांत दिवाळं निघालं. मग त्यांनी ब्रायटनला जाऊन चंपीचं स्नानगृह काढलं आणि राजेरजवाड्यांची अंगं रगडून नाव कमावलं.

आम्ही नवी मुंबईत भाड्याने घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. एजंटने फोनवर तीन घरं दाखवायचं कबूल केलं, शेवटी नाव विचारलं, नाव ऐकून म्हणाला, 'सर, ओनर फॅमिलीच मागतायत.' मी म्हटलं, फॅमिलीच आहे. तो म्हणाला, 'तशी नाही.' हा अनुभव इतक्या जणांना आहे की त्यावर वेगळा लेख लिहिण्यात मजा राहिलेली नाही. पण दादांच्या हॉटेलात चहा देण्याआधी नाव विचारायची पद्धत नव्हती एवढं मला त्या दिवशी आठवलं.

आता त्या इमारतींचं काय झालं ते. लाकडी सांगाडा दुरुस्तीवर जगतो. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर त्यानेच वाचवलं, दादांच्या जमातीच्या खोलीचंही. पण दहा-वीस रुपये भाड्यात मालक खांब कशाला बदलेल? आणि भाडेकरू दुसऱ्याच्या मालकीचा खांब कशाला बदलेल? मागच्या बाजूला मोऱ्या आणि संडास, तिथून पाणी झिरपणार, ओल्या तुळईला वाळवी लागणार. बाहेरून रंग, आतून भुसा. शेवटी सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं, उपकर बसवला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती मोजल्या त्या १९,६४२. मंडळाने खांब बदलले, तसेच बऱ्याच ठिकाणी सागाच्या जागी लोखंड घातलं, टेकू लावले. काही टेकूंना लोकांनी नंतर खुंट्या ठोकून शर्ट अडकवले.

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी नावाची, शंभरी पार केलेली इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. दोन दिवसांवर बकरी ईद होती. पुढे १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. जुन्या इराणी हॉटेलांवर हळहळणारे लेख मी आवडीने वाचतो, पण त्यात एक गोष्ट मला खटकत आली आहे. ते सगळे तळमजल्यावरून लिहिलेले असतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचा आरसा. मान वर करून कडीपाटाच्या वरती कोण राहतं ते कुणी बघत नाही. वर माझी फुफी राहायची. पावसाळ्यात ती रात्रभर एका बाजूच्या खोलीतून दुसऱ्या बाजूला अंथरूण हलवायची, कारण कुठल्या बाजूची जमीन झुलतेय ते तिला पायाला कळायचं. तिला हेरिटेज म्हणून दाखवा.

म्हणून भेंडीबाजारात बोहरा समाजाच्या ट्रस्टने २००९ पासून साडेसोळा एकरांतल्या सुमारे २५० इमारती पाडून मनोरे उभारायचा बेत आखला, तेव्हा मला त्यावर नाक मुरडता आलं नाही. पहिल्या टप्प्यातले लोक नव्या घरांत राहायलाही गेले. लिफ्ट आहे, घरात संडास आहे, जमीन झुलत नाही. माझी तक्रार पाडण्याबद्दल नाही. पाडण्याआधी कुणी पाहत नाही, याबद्दल आहे. इंग्लंडमध्ये एखाद्या गावकुसाच्या पबातला एक वासा काढायचा झाला तरी आधी नकाशा होतो, फोटो होतात, लाकडाचा नमुना जातो. त्यांच्याकडे हे जमतं ते पब चालतो, कमावतो आणि त्यातला पैसा छपरावर खर्च होतो म्हणून. तरीही दरवर्षी तिथे जुने पब बंद पडताहेत. भाचा सांगतो, घरी बसून स्वस्तात पिता येतं.

दादांचं हॉटेल आणि वरची इमारत पाडली त्याला आता पंधराएक वर्षं झाली. पाडणारा ठेकेदार पाडायचे पैसे मागत नाही, उलट मालकालाच देतो, कारण मलब्यात साग असतो. खांब, तुळया, दारांच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, सगळं वेगळं काढून वखारीत जातं आणि घनफुटाच्या भावाने विकलं जातं. जुना बर्मा साग नव्यापेक्षा चांगला, कारण त्याला पिळवटायचं होतं ते तो पिळवटून बसलाय. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आमचेच सुतार, बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर, त्याला रंधा मारतात. मी एकदा तिथे विचारलं, हे लाकूड कोणत्या इमारतीतलं? सुतार म्हणाला, 'चाचा, लकडी का नाम नहीं होता, भाव होता है.'

सागालाही वर्षाच्या कड्या असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागाच्या कड्या मोजून पाचशेहून अधिक वर्षांच्या पावसाचा माग काढला आहे. म्हणजे डोंगरीच्या एकेका तुळईत ब्रह्मदेशातले शंभर-दीडशे पावसाळे ओळीने लिहिलेले असणार, थिबाच्या बापाच्या राज्यातलेसुद्धा. रंध्याखाली ते पातळ सोलपटं होऊन निघतात. अशा लाकडाची टेबलं बांद्र्याच्या नव्या कॅफेत जातात, जिथे चहा अडीचशे रुपयांना मिळतो.

आमच्या जुईनगरच्या पुनर्विकासाचा आराखडा मागच्या महिन्यात भिंतीवर लागला. बावीस मजले, तीन पातळ्यांचं पार्किंग, जिम, आणि सातव्या मजल्यावर 'क्लब हाउस', सभासदांना कार्डावर प्रवेश. मी आर्किटेक्टला विचारलं की खाली बाहेरच्या माणसाला बसता येईल अशी एखादी जागा आहे का. त्याने नकाशावर बोट फिरवलं आणि सिक्युरिटी केबिनजवळचा बाक दाखवला, कुरियरवाल्यांसाठी. गेटबाहेर कडुलिंबाखाली जो चहावाला बसतो त्याने मला संध्याकाळी गाठून काम कधी सुरू होणार ते विचारलं. अजून दोन वर्षं तरी नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मग यंदा ताडपत्री बदलून घेतो.